साडेचारचं कुलूप

गेल्या शनिवारी माळा आवरला. म्हणजे बायकोने आवरायला लावला, असं म्हणणं जास्त खरं ठरेल. गुंता झालेल्या केबल्स, एक मुका झालेला मोडेम, अभियांत्रिकीची कसर लागलेली पुस्तकं, आणि सगळ्याच्या तळाशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात काय असणार हे मला उघडण्याआधीच आठवलं होतं. वीतभर लांब हिरवी पट्टी, एका कडेला सोनेरी दात, मधोमध एक चौकोनी चिप.

मुलगी शेजारीच उभी होती. "बाबा, ही रॅम का?"

"नाही गं. प्रोसेसर."

"एवढा मोठा? किती फास्ट?"

आता आली का पंचाईत! कारण या वस्तूच्या बाबतीत "किती फास्ट" याला एक उत्तर नाही. कंपनीने छापलेलं उत्तर ३००. माझ्या रूममेटच्या तशाच पट्टीचं उत्तर ४५०. आणि माझं उत्तर जरा लाजिरवाणं आहे, ते पुढे येईलच.

ही वस्तू म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. आज तिशीच्या आत असलेल्या वाचकांना कदाचित नावही माहीत नसेल. पण ज्यांनी १९९८-९९च्या सुमारास स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला, त्यांच्यासमोर नुसतं "थ्री हंड्रेड ए" म्हणा आणि चेहरा बघा. कॉलेजातल्या पहिल्या बुलेटची आठवण काढावी तसा होतो.

गोष्ट नीट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

१९८४ साली आयबीएमने पीसी एटी नावाचं यंत्र बाजारात आणलं. आत ८०२८६ हा प्रोसेसर, वेग ६ मेगाहर्ट्झ. प्रोसेसरला ताल धरून देणारा एक क्वार्ट्झचा स्फटिक बोर्डावर असायचा, १२ मेगाहर्ट्झचा. त्याला दोनने भागून ६ मिळायचे. गंमत अशी की हा स्फटिक झाळून पक्का केलेला नव्हता, सॉकेटमध्ये खोचलेला होता. लोकांनी तो उपटला आणि जागी १६चा खोचला. झाला की ८ मेगाहर्ट्झ! काही डॉलरांत तिसऱ्या हिश्शाने जास्त वेग. आयबीएमला हे काही रुचलं नाही. पुढच्या बायोसमध्ये त्यांनी एक तपासणी घातली: यंत्र सुरू होताना वेग सहाच्या वर दिसला तर पुढे जायचंच नाही. आणि मग १९८६मध्ये त्यांनी स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला!

आपण विकत घेतलेल्या वस्तूत दडलेली ताकद कुणाची? घेणाऱ्याची की बनवणाऱ्याची? हे भांडण तेव्हापासूनचं आहे. सेलेरॉन ३००ए हा त्यातला सगळ्यात मजेदार अंक, एवढंच.

मधल्या काळात एक तांत्रिक बदल झाला. प्रोसेसर इतके वेगवान झाले की बाकीच्या बोर्डाला त्यांच्याबरोबर धावणं जमेना. १९९२च्या ४८६डीएक्स२पासून इंटेलने तोडगा काढला: बोर्डाची बस ३३ मेगाहर्ट्झनेच चालू दे, चिपच्या पोटात त्याची दुप्पट करून ६६ने काम करू. इथून "मल्टिप्लायर" हा प्रकार घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये आला.

सायकल डोळ्यांसमोर आणा. पायडल म्हणजे बस. गिअर म्हणजे मल्टिप्लायर. पायडल एकदा फिरलं की चाक किती वेळा फिरणार हे गिअर ठरवतो. पेंटियमच्या जमान्यात हा गिअर बोर्डावरच्या छोट्या जंपरने बदलता यायचा. १३३चा पेंटियम घ्या, दोन टोप्या इकडच्या तिकडे करा, चिप चांगली निघाली तर १६६ने चालवा.

आता हे घरच्या घरी केलं तर हौस. पण हेच दुकानदाराने केलं तर? चिपवरचा छापील आकडा खरवडायचा, वरचा आकडा छापायचा आणि जास्त किमतीला खपवायची. हा धंदा तेव्हा जोरात होता आणि त्याला "रीमार्किंग" म्हणत. गिऱ्हाईक १६६चे पैसे मोजून घरी १३३ घेऊन जायचं आणि उन्हाळ्यात यंत्र गोठायला लागलं की कपाळाला हात लावायचं. त्यामुळे इंटेलने मल्टिप्लायरला कुलूप घातलं, तेव्हा त्यामागे निव्वळ दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही. फसवणूक खरी होती. पण महागडी चिप घेण्याऐवजी लोक स्वस्त चिप ताणतात, हीही कंपनीची पोटदुखी होतीच. एका कुलपात दोन्ही चोर अडकले, एक खरा आणि एक नुसताच हौशी.

सेलेरॉनला हे कुलूप जन्मापासून होतं. ३००एचा आकडा होता साडेचार. बस ६६, गुणिले साडेचार, बरोबर ३००. गिअर जाम.

पण पायडल? ते तर तुमच्या पायात होतं!

अंक पहिला मात्र फजितीचा होता. १९९७-९८मध्ये अमेरिकेत हजार डॉलरच्या आतले कॉम्प्युटर धडाधड खपायला लागले आणि त्यात एएमडीच्या के६ चिपा दिसायला लागल्या. इंटेलचा पेंटियम-२ महाग. का महाग? कारण ती एकटी चिप नव्हतीच. काळ्या प्लास्टिकच्या डबीत एक पट्टी, तिच्यावर मधोमध प्रोसेसर आणि शेजारी कॅश मेमरीच्या वेगळ्या चिपा, मिळून ५१२ केबी. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी ठेवलेला मसाल्याचा डबा. प्रत्येक चिमटीसाठी कोठीघरात, म्हणजे मुख्य रॅममध्ये जावं लागू नये म्हणून. या वेगळ्या चिपा प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालत.

स्वस्त प्रोसेसर हवा म्हणून इंटेलने एप्रिल १९९८मध्ये काय केलं? मसाल्याचा डबाच काढून टाकला. कॅश नाही, काळी डबीही नाही, नुसती उघडी पट्टी. हा पहिला सेलेरॉन, २६६ मेगाहर्ट्झचा, सांकेतिक नाव कोव्हिंग्टन. नाव मोठं झोकदार, लॅटिनमधल्या "वेगवान" अर्थाच्या शब्दावर बेतलेलं, आणि चिप इतकी रडत चालायची की परीक्षकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. ऑफिसच्या कामात ही नवी चिप जुन्या पेंटियम एमएमएक्सच्या आसपास घुटमळायची.

चार महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९९८ला, इंटेलने चूक सुधारली. आणि सुधारताना जरा जास्तच सुधारली.

नव्या सेलेरॉनचं सांकेतिक नाव मेंडोसिनो. यात १२८ केबी कॅश होती, पेंटियम-२च्या पाव. पण ती शेजारी नव्हती, प्रोसेसरच्या त्याच सिलिकॉनच्या तुकड्यात कोरलेली होती आणि पूर्ण वेगाने चालायची. कोव्हिंग्टनमध्ये ७५ लाख ट्रान्झिस्टर होते, मेंडोसिनोत १ कोटी ९० लाख. कॅशविना ३००चा सेलेरॉन आधीच बाजारात होता, म्हणून या नव्याच्या नावापुढे "ए" लागला.

मोठा पण संथ डबा बरा, की छोटा पण चपळ? डेटाबेस वगैरे अवाढव्य कामांत मोठा डबा जिंकायचा. पण गेम्समध्ये आणि घरगुती वापरात छोटा चपळ डबा त्याच्या खांद्याला खांदा लावायचा. म्हणजे सारख्याच वेगाने चालवला तर हा "गरिबांचा" प्रोसेसर पेंटियम-२च्या जवळपास बरोबरीला होता. इंटेलने या दोघांत अंतर ठेवलं होतं ते मुख्यतः बसचं. महागड्याला १०० मेगाहर्ट्झची बस, स्वस्ताला ६६ची.

त्याच दिवशी, अगदी त्याच २४ ऑगस्टला, पेंटियम-२चं ४५० मेगाहर्ट्झचं मॉडेलही आलं. हजारांच्या घाऊक खरेदीत त्याची किंमत ६६९ डॉलर. ३००एची १४९. भागाकार करून बघा, जवळजवळ साडेचार येतो. हा निव्वळ योगायोग, पण असला योगायोग लेखकाला सोडवत नाही.

आता गुणाकार करा. ४५०चा पेंटियम-२ म्हणजे १०० गुणिले साडेचार. ३००ए म्हणजे ६६ गुणिले साडेचार. गिअर तोच! फरक फक्त पायडलच्या वेगाचा. आणि एप्रिल १९९८मध्ये खुद्द इंटेलनेच १०० मेगाहर्ट्झच्या बसचा ४४०बीएक्स हा चिपसेट आणलेला होता. त्या बोर्डात सेलेरॉन खोचा, बस १००वर न्या, यंत्र चालू करा. पडद्यावर ४५०.

इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण खरी मेख त्यातच आहे. बस वाढवली की प्रोसेसर एकटाच पळत नाही, सगळा बोर्ड पळतो. पीसीआय बस, म्हणजे जिच्यावर हार्ड डिस्क आणि साउंड कार्ड अवलंबून, तिला ३३ मेगाहर्ट्झची सवय. ६६ला दोनने भागलं की ३३ येतात. बस ७५ केली तर पीसीआय ३७.५ होते, ८३ केली तर ४१.५. डिस्कला धाप लागते. पण १००वर बोर्ड भागाकार बदलतो, दोनऐवजी तीनने भागतो, आणि पुन्हा ३३! तबल्याच्या तिहाईसारखं. मधल्या मात्रांवर सगळं अधांतरी, आणि शंभरावर आलात की सगळे मिळून समेवर. त्यामुळे ३००ए ४५०वर चालवताना बाकीचा बोर्ड अगदी नियमात चालत होता. नियम मोडत होती ती फक्त एक चिप, आणि तिलाही तो मोडल्याचं फारसं जाणवत नव्हतं.

का जाणवत नव्हतं? कारखान्यात "३००चा प्रोसेसर" असा काही वेगळा साचा नसतो. एका तबकडीवर शेकडो चिपा एकदम बनतात आणि मग चाचणी करून त्यांचे वेग ठरतात. आंब्याच्या पेट्यांसारखी प्रतवारी. पण १९९८च्या उत्तरार्धात इंटेलचं ०.२५ मायक्रॉनचं तंत्र चांगलं मुरलं होतं. बहुतेक आंबे पहिल्या प्रतीचेच निघत होते, आणि बाजारात मागणी तर दुसऱ्या प्रतीच्या भावाला. मग पहिल्या प्रतीच्या आंब्यावर दुसऱ्याचं लेबल लावण्यावाचून पर्याय काय? दुसरं असं की पेंटियम-२चा वेग कधी कधी शेजारच्या कॅश चिपांमुळे अडायचा, त्यांना जास्त ताण सोसवायचा नाही. मेंडोसिनोला त्या शेजारणी नव्हत्याच. जे काटकसर म्हणून केलं, तेच पथ्यावर पडलं.

आणि ज्यांच्या बोर्डात बस आपोआप ठरायची, त्यांचं काय? त्यांच्यासाठी बी२१. पट्टीच्या सोनेरी दातांपैकी बी२१ नावाचा एक दात बोर्डाला सांगायचा, "मी ६६वाला आहे हो." त्या दातावर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवला, किंवा नेलपॉलिशचा एक ठिपका दिला, की निरोप पोचायचाच नाही. बोर्डाला वाटायचं, आलेले पाहुणे १००वाले दिसतायत! अब्जावधी डॉलरच्या कंपनीने आखलेली बाजाराची वाटणी नेलपॉलिशच्या एका ठिपक्याने पुसली जात होती. मला अजूनही हसू येतं.

तैवानच्या अबिट कंपनीचा बीएच-६ हा बोर्ड तर या चिपचा जोडीदारच मानला जायचा. त्यात जंपर नाहीत, बायोसच्या पडद्यावरच बसचा वेग निवडायचा. मुख्य म्हणजे प्रोसेसरचा व्होल्टेजही बदलता यायचा. मूळ २.० व्होल्ट. अडेलतट्टू चिपला २.२पर्यंत दिले की बऱ्याचदा वाट धरायची. अर्थात फुकट काहीच नाही. वीज लागते ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दीडपट, व्होल्टेज १.१ पट, त्याचा वर्ग १.२१. एकूण उष्णता सुमारे १.८ पट. त्यामुळे मोठे हीटसिंक, दोन दोन पंखे, आणि खोलीभर घरघर.

आता माझी गोष्ट. १९९९ साल, पुण्यातलं हॉस्टेल, शेवटचं वर्ष. मी आणि रूममेट पहाटेच्या सिंहगड एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, लॅमिंग्टन रोडला. दोघांच्याही खिशात घरून मिळालेले पैसे. माझ्या बाबांनी ते प्रॉव्हिडंट फंडातून काढले होते आणि देताना एकच वाक्य म्हणाले होते, "नीट बघून घे." मी नीटच बघितलं. दोघांनी ३००ए घेतला. मग बोर्ड. रूममेटने बीएक्सचा बोर्ड आणि १०० मेगाहर्ट्झची रॅम घेतली. मी यादी पुन्हा पुन्हा पाहिली आणि जुन्या ४४०एलएक्सचा बोर्ड घेतला. फरक दोनेक हजारांचा होता. दुकानदार म्हणाला, "शेठ, काम सेमच करणार." ३०० हे ३००च, मग जास्त पैसे कशाला? त्याचं चुकलं नव्हतं. मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

एलएक्सला १००ची बस माहीतच नव्हती. बोर्डावर ६६, ७५ आणि ८३ एवढेच पर्याय होते. "दीडपट वेग फुकट" असं जे तेव्हा जो तो सांगायचा, त्यातलं "फुकट" हे असं होतं. कुलूप सेलेरॉनवर होतं, पण किल्ली बोर्डाच्या आणि रॅमच्या किमतीत लपलेली होती. ज्याच्याकडे आधीच थोडे जास्त पैसे, त्याला ही लूट करता यायची.

पण शेजारच्या टेबलावर ४५०वर क्वेक-२ पळतोय आणि आपण ३००वर बसायचं? शक्य नव्हतं. मी ८३ केले. ३७५ मेगाहर्ट्झ! दोन दिवस मी राजा होतो. तिसऱ्या दिवशी प्रोजेक्टची एक फाईल उघडली तर मध्येच अगम्य अक्षरं. मग दुसरी. मग फोल्डरच उघडेना. डिस्क ४१.५च्या पीसीआयवर दोन दिवस निमूटपणे चुकीचं लिहीत होती आणि मी तिकडे गेम खेळत होतो. बॅकअप? तो शब्द मी त्याच आठवड्यात शिकलो. सुदैवाने गाईडना दाखवायला काढलेला प्रिंटआउट होता. त्यावरून चार रात्री बसून सगळा कोड पुन्हा टाइप केला. रूममेट वाचून दाखवायचा, मी बडवायचो. बाबांना हे कधीच सांगितलं नाही.

रूममेटचंही सगळं आलबेल नव्हतं बरं का. त्याचा ४५० विंडोजवर मस्त चालायचा. लिनक्सचा कर्नल कंपाइल करायला घेतला की मात्र जीसीसी "सिग्नल ११" म्हणून मरायचा. पुन्हा चालवला की दुसऱ्याच फाईलवर मरायचा. प्रोग्रॅममधली चूक दर वेळी त्याच जागी भेटते. जागा बदलते ती हार्डवेअरची चूक. हे सूत्र तेव्हाच्या लिनक्सवाल्यांना पाठ होतं, कारण कर्नल कंपाइल करणं हीच प्रोसेसरची सगळ्यात कडक परीक्षा होती. त्याने व्होल्टेज २.१ केला, रात्रभर कंपाइल लावलं, सकाळी सगळं हिरवं. माझ्या बोर्डात ती सोय नव्हती. असो.

इंटेलने या चिपमध्ये आणखी एक दार बंद ठेवलं होतं. दोन सेलेरॉन एका बोर्डावर जोडीने चालवायची परवानगी नव्हती. त्यासाठी लागणारी जोडणी पट्टीवर तोडलेली होती. काही शूर लोकांनी पट्टीला बारीक ड्रिलने भोक पाडून, तार झाळून तीही सुरू केली. पुढे १९९९मध्ये सेलेरॉन पट्टी सोडून सॉकेट ३७०च्या चौकोनी रूपात आला. अबिटने बीपी-६ नावाचा दोन सॉकेटांचा बोर्ड काढला आणि ड्रिलची गरजच संपली. ३६६चे दोन सेलेरॉन घ्या, साडेपाचचा गिअर, १००ची बस, आणि दोन्ही ५५०वर. तोवर दोन प्रोसेसर ही सर्व्हर आणि वर्कस्टेशनवाल्यांची मिरास होती. घरात बसून एका बाजूला कंपाइल आणि दुसऱ्या बाजूला गाणी, हा अनुभव अनेक प्रोग्रॅमरांना पहिल्यांदा या जुगाडाने दिला. विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसायचाच नाही, म्हणून कित्येक जण केवळ त्यासाठी एनटीकडे, लिनक्सकडे वळले.

इंटेलचं यात नुकसान किती झालं? माझ्या मते फार नाही. कॉम्प्युटर उघडून बायोसमध्ये शिरणारे असे किती असतात? उलट कोव्हिंग्टनने गेलेली अब्रू मेंडोसिनोने परत आणली. आणि तांत्रिक दृष्ट्या तर या स्वस्त चिपनेच पुढची वाट दाखवली. ऑक्टोबर १९९९मध्ये आलेल्या पेंटियम-३ कॉपरमाइनने तेच केलं: कॅश त्याच सिलिकॉनमध्ये, पूर्ण वेगाने, २५६ केबी. वेगळ्या कॅश चिपांचा जमाना संपला. धाकट्याचे कपडे थोरल्याला आले.

मात्र बसचा धडा इंटेल लगेच शिकलं असं दिसत नाही. सेलेरॉनला ६६चीच बस जानेवारी २००१मधल्या ८००च्या मॉडेलपर्यंत चिकटून राहिली. त्यामुळे मधला ५६६चा सेलेरॉन, साडेआठच्या गिअरचा, १००वर नेऊन ८५० करणारेही खूप होते. तिकडे एएमडीने २०००मध्ये ड्युरॉन आणि नवा अॅथलॉन आणले. त्यांच्या मल्टिप्लायरचं कुलूप चिपच्या पाठीवर उघडंच होतं. तुटलेल्या काही बारीक रेषा तेवढ्या जोडायच्या. कशाने? साध्या शिसपेन्सिलीने! ग्राफाइटमधून वीज वाहते, झालं काम. नेलपॉलिशने जोडणी तोडायची आणि पेन्सिलने जोडायची. कंपासपेटी आणि शृंगारपेटी, एवढ्या हत्यारांवर आमचा जमाना चालला.

हे सगळं खऱ्या अर्थाने संपलं ते जानेवारी २०११मध्ये, सँडी ब्रिजबरोबर. इंटेलने बसचा ताल आणि बाकी सगळ्या गोष्टींचे ताल एकाच मुळाशी असे बांधले की पाच-सात टक्क्यांच्या वर हलवलं तर यूएसबी, डिस्क सगळंच कोसळायचं. पायडललाही कुलूप. आणि गंमत बघा, गिअरचं कुलूप मात्र काढलं, पण फक्त नावात "के" असलेल्या मॉडेलांवर, जास्त पैसे घेऊन. आय५-२५००के आठवत असेल. जी गोष्ट आम्ही स्वस्त चिप घेऊन चोरत होतो, ती आता महाग चिपबरोबर विकत मिळायला लागली.

त्याआधी, २०१०मध्ये, इंटेलने याहून उघड प्रयोग केला होता. पेंटियम जी६९५१ नावाची चिप घ्यायची, मग दुकानातून ५० डॉलरचं कार्ड घ्यायचं, कोड टाकायचा, आणि चिपमध्ये आधीपासूनच असलेली पण बंद ठेवलेली १ एमबी कॅश आणि हायपरथ्रेडिंग चालू व्हायचं. लोकांनी असा आरडाओरडा केला की पुढच्या वर्षी गाशा गुंडाळला. मला तेव्हा रागही आला आणि थोडी लाजही वाटली, कारण मी स्वतः ज्या कंपनीत काम करायचो, तिचं सॉफ्टवेअर नेमकं याच पद्धतीने विकलं जायचं. लायसन्स की टाका, मॉड्यूल उघडतं. कोड तर आधीपासून गिऱ्हाइकाच्या डिस्कवर असतोच. सिलिकॉनमध्ये केलं तर अन्याय आणि सॉफ्टवेअरमध्ये केलं तर बिझनेस मॉडेल? यावर मला समाधानकारक उत्तर अजून सापडलेलं नाही.

२०१४मध्ये पेंटियम नावाला वीस वर्षं झाली म्हणून इंटेलने ७२ डॉलरचा, मुद्दाम कुलूप न लावलेला जी३२५८ काढला. जुन्या लोकांना खूश करायला असावा. लग्नाच्या वाढदिवसाला एक दिवस मित्रांबरोबर जायची मुभा मिळावी तसं. २०१५च्या अखेरीस काही बोर्ड कंपन्यांनी स्कायलेकच्या "के" नसलेल्या चिपांचा बसवेग वाढवायची फट शोधली. दोन-तीन महिन्यांत नव्या मायक्रोकोडने तीही बुजली.

आणि आज? आज कारखानाच ओव्हरक्लॉकिंग करून देतो. २००८च्या नेहेलेमपासून प्रोसेसर स्वतःच तापमान आणि वीज बघून वेग वाढवतो, कमी करतो. आम्ही जी शिल्लक ताकद शोधायचो, ती आता खोक्यावर छापलेल्या "बूस्ट"च्या आकड्यात आधीच मोजलेली असते. कधी कधी जरा जास्तच मोजली जाते. २०२४मध्ये इंटेलला कबूल करावं लागलं की तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होत्या आणि त्याने काही चिपा अस्थिर झाल्या. मायक्रोकोड दुरुस्त झाला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. गेम्स क्रॅश व्हायचे, कंपायलर मध्येच मरायचे. बातमी वाचताना मला थेट हॉस्टेलची खोली आणि "सिग्नल ११" आठवला.

त्याहून जास्त झोप उडवणारी गोष्ट २०२१ची. गूगल आणि फेसबुक दोघांच्याही इंजिनिअरांनी त्या वर्षी लिहिलं की त्यांच्या डेटा सेंटरांत काही प्रोसेसर क्रॅश न होता, कुठलाही एरर न देता, चुपचाप चुकीची उत्तरं देतात. कुणी ओव्हरक्लॉक केलेले नाहीत, नियमात चालणारे. हजारो यंत्रांत एखाद-दुसरा कोअर. तेव्हापासून कामावर एखादा चेकसम "अनावश्यक आहे, काढून टाकू या" असं कुणी रिव्ह्यूमध्ये म्हणालं की मी जरा जास्तच आवाज चढवतो. टीममधल्या पोरांना वाटतं, हा म्हातारा असा का करतो. त्यांना ८३ मेगाहर्ट्झ माहीत नाहीत.

अबिट कंपनी २००८च्या शेवटी बंद झाली. सेलेरॉन हे नाव निवृत्त करत असल्याचं इंटेलने २०२२मध्ये जाहीर केलं. बीएक्सचा तो बोर्ड रूममेटने केव्हाच भंगारात दिला. माझी पट्टी मात्र डब्यात टिकून आहे.

मुलीने ती उजेडात धरली. "बाबा, या एका दातावर गुलाबी काय लागलंय?"

मामेबहिणीकडून मागून आणलेली नेलपॉलिश. डिस्कचा घोटाळा होण्याच्या आदल्या आठवड्यात मी बी२१वर ठिपका देऊन बघितला होता. एलएक्सच्या बोर्डावर त्याचा काडीचा उपयोग होणार नव्हता, हे तेव्हा माहीत नव्हतं. मुलीने नखाने खरवडून पाहिलं. निघाली नाही.